ह्याची आई कुठंय?

पेढा, अंडं, ताक, तूप, सुकट, मध, काहीही पुढे करा, आमच्या शाळेचे शिपाईमामा हात मागे बांधून एकच विचारायचे, "ह्याची आई कुठंय?" उत्तर काहीही आलं तरी घ्यायचे नाहीतच. पण विचारायचे मात्र दर वेळी.

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी शाळेत नुकतीच रुजू झाले होते. नोकरी लागली म्हणून मुरबाडच्या स्टँडवरून पेढे घेऊन गेले होते. मी तशी तापट, त्यात नवी नवी बी.एड. झालेली. म्हटलं, "मामा, पेढ्याला कुठली आलीय आई?" तर म्हणाले, "पेढ्याला नाय. दुधाला हाय ना, बाई." आणि घंटा द्यायला निघून गेले. विज्ञान शिकवायला मी आले होते, आणि पहिला धडा शिपायाने दिला. मला भयंकर राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

शाळा टोकावड्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत होती. पत्र्याचे वर्ग, एक हापसा, एक वडाचं झाड. अनुदान नव्हतं. पगार येईल, येईल असं सगळे म्हणायचे, आणि सहा-सहा महिने यायचा नाही. आम्ही शिक्षक निदान शिकवण्या घेत होतो. मामांकडे एक भाताचं वावर, घर, बायको आणि एक लेक, एवढंच होतं. माणूस ताडमाड उंच, वाळलेला, पायात बारा महिने रबरी स्लीपर. लग्नात, सभेत, झेंडावंदनाला, सगळीकडे स्लीपरच. चामड्याची चप्पल कुणी दिली तर तिलाही तोच प्रश्न.

आता आमच्या भागात न खाणारी माणसं नाहीत असं नाही. माळकरी असतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण मामांच्या गळ्यात माळ नव्हती. देवाचंही विशेष नव्हतं. आणि माळकरी तरी दूध-तूप खातात. हा माणूस तेही खाईना, म्हणजे लोकांना हा कुठल्या खान्यात बसवावा तेच कळेना. हेडसर एकदा म्हणाले, "अहो, एक माळ घाला गळ्यात, म्हणजे कोणी विचारायचं नाही." मामा म्हणाले, "मंग ते देवाच्या नावावर जाईल, सर. हे माझं हाय."

कारण विचारलं की दर माणसाला वेगळं सांगायचे. हेडसरांना सांगितलं, परवडत नाय. डॉक्टरांना सांगितलं, पचत नाय. डेअरीवाल्याला सांगितलं, वास येतो. आमच्या गणिताच्या सरांना तर सांगितलं की लहानपणी म्हशीने लाथ मारली, तेव्हापासून बोलणं बंद आहे. आम्ही सगळ्यांनी आपापली कारणं एकत्र करून पाहिली तेव्हा कळलं की मामा आम्हाला खेळवतायत. पण चेहऱ्यावर हसू कधी नाही.

बरं, दुसऱ्याला कधी उपदेश नाही. स्टाफरूमचा चहा तेच करायचे, दुधाचा, आलं घालून, आणि असा की मुरबाडच्या हॉटेलवाल्याने शिकून घ्यावा. चव बघायची नाही, नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचे, "झाला." स्वतःचा काळा चहा वेगळ्या टोपात, गवती चहाची दोन पाती टाकून. मी डब्यात बोंबील आणले तर शेजारी बसून त्यांची नाचणीची भाकर खायचे. नाक मुरडणं नाही, उठून जाणं नाही. "तुमचं तुमी खा, बाई. माझं मी खातो."

त्यांचं ते काय असायचं हे सांगायलाच पाहिजे, कारण ते नसतं तर आमच्यातले दोघे-तिघे शाळा सोडून गेले असते. भात कापला की त्याच वावरात, ओल आहे तोवर, मामा वाल टाकायचे. बांधावर तूर, माळावर नाचणी आणि खुरासणी, म्हणजे कारळे. पावसाळ्यात भाजी विकत घेणं हा त्यांच्या मते मूर्खपणा. टाकळा, कुलू, करटोली, शेवळं, सगळं रानात उभं असताना पैसे कशाला द्यायचे? शेवळं आमच्याकडे कोलंबीत नाहीतर खिम्यात करतात. मामा ती वालात करायचे, खाज जावी म्हणून काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं ठेचून घालायचे. खुरासणीची चटणी तर अशी, की नुसत्या भातावर घेतली तरी दुसरं काही आठवू नये. पगार नसलेल्या महिन्यांत दुपारी आम्ही सगळे त्यांच्या डब्याभोवती बसायचो. त्यांच्या बायकोला, मामींना, ठाऊक होतं. त्या भाकऱ्याच जास्त द्यायच्या.

मला मुलगा झाला तेव्हा तर फारच ओढाताण होती. नवऱ्याची आसनगावची कंपनी बंद पडलेली, माझा पगार अडकलेला. सासूबाई म्हणायच्या, बाळंतिणीला तुपातला डिंक पाहिजे, आणि तुपाचा डबा रिकामा. अशात मामा एसटीने मुरबाडला आले. पिशवीत नाचणी-तिळाचे लाडू, गुळातले, तेलावर भाजलेले. मी अशी कृतघ्न बाई, तोंडातून निघून गेलं, "तुपाशिवाय लाडू?" मामा म्हणाले, "खा तर. नाय आवडला तर पोराच्या बापाला द्या." पहिला मी रागाने खाल्ला. डबा आठ दिवसांत संपला. दुसरा डबा मी स्वतःहून मागितला. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरायचेही नाहीत.

एकदा मात्र मी त्यांना अडचणीत टाकलं. पायाला मुंग्या येतात, चक्कर येते म्हणून ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तात अमुक जीवनसत्त्व कमी आहे, ते दूध-अंडी-मांसातूनच मिळतं, खायचं नसेल तर कायम औषध घ्या. औषध म्हणून कॅप्सूल दिल्या. मामा त्या मला दाखवायला आले, आणि मी शहाणीने सांगितलं की कॅप्सूलचं वरचं कवच बहुतेक जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. सांगून झाल्यावर जीभ चावली, पण उशीर झाला होता. मामांनी पाकीट परत केलं. मग मीच मुरबाडची औषधांची दुकानं पालथी घातली आणि साध्या गोळ्या शोधल्या. गोळीलाही त्यांनी विचारलंच. म्हटलं, "मामा, हिला आई नाही. हिला फक्त कारखाना आहे. गिळा." गिळली, आणि पुढे एक दिवस चुकवली नाही. हट्टी होता माणूस, पण मूर्ख नव्हता.

आता त्यांच्या लेकीचं. मनीषा नाव. माझीच विद्यार्थिनी. हुशार, बोलकी आणि आमच्या शाळेत अंड्याच्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढे. घरात मिळायचं नाही, त्यामुळे बाहेर कसर भरून काढायची. मामा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. दहावी-बारावी झाली आणि ती आसनगावला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. तिथे मैत्रिणी डब्यात मटण, मच्छी आणायच्या आणि हिच्या डब्यात वाल. वालबाई म्हणायच्या तिला. हसत सांगायची ती मला, पण लागायचं तिला, हे दिसायचं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा आटगावजवळचा, चांगला, नोकरीवाला. आणि इथून सगळं बिघडलं.

बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे लग्न एकीकडे आणि हळद एकीकडे. लग्नाला वरणभात घाला, बुंदी घाला, कोणी नाव ठेवत नाही. पण लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद, आणि हळदीला मटण. मटण नाही ती हळद नाही. पोरं आठ दिवस आधीपासून विचारतात, बोकड किती? त्यावर बापाची किंमत ठरते. कर्ज काढतात, वावर गहाण टाकतात, पण हळद कोरडी जाऊ देत नाहीत.

मामांनी जाहीर केलं की आपल्या मांडवात बोकड कापला जाणार नाही. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, भात, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, आणि नारळाच्या रसातली गुळाची खीर. सगळी वाडी जेवायला या.

वाडी हसली. मग वाडीला कळलं की हा खरंच बोलतोय, आणि वाडी चिडली. मामांचे दोन मेहुणे आले. म्हणाले, "दाजी, बोकड आमी आणतो, कापतो आमी, शिजवतो आमी. तुमी फक्त मांडवात उभं राहा." म्हणजे पैशाचं कारणही संपलं. मामा म्हणाले, "तुमच्या अंगणात कापा, कोण नाय म्हणतो? माझ्या मांडवात नाय." मेहुणे चहा न घेता गेले. पोरांच्या पुढाऱ्याने, मामांच्या पुतण्यानेच, सांगून टाकलं की हळदीच्या संध्याकाळी आम्ही ओढ्यापलीकडच्या शेतावर मटण करणार, ज्याला वाल खायचे त्याने वाल खावेत. मांडव घालणं, पाणी भरणं, वाढणं, सगळं ही पोरंच करतात. ती नाहीत म्हणजे पंगत बसणार कशी?

एका रविवारी मनीषा माझ्याकडे मुरबाडला आली. आल्या आल्या रडायलाच लागली. "बाई, बाबांना तुमी सांगा. माझं ऐकत नाय. लोक काय म्हणतील? बापाला परवडलं नाय म्हणतील. सासरी जन्मभर ऐकवतील मला. मी आजवर काय मागितलं? एवढा एक दिवस मागते." मला तिचं पटलं. अगदी मनापासून पटलं. माणसाने स्वतःपुरतं काय हवं ते करावं, लेकीच्या आनंदात कशाला खोडा घालावा? मी तिला म्हटलं, "तू जा. बघते मी त्यांच्याकडे."

गेले भांडायलाच. मामा अंगणात वाल पाखडत होते. मी आधी जरा गोडीने घेतलं. म्हटलं, "मामा, मधला मार्ग काढू. सोयाबीनच्या वड्या आणू, मटणाचं वाटण घालू, वरती तर्री. पोरांना कळणारही नाही. किंवा कच्च्या फणसाची भाजी करू, ती तर हुबेहूब लागते." तेवढ्यावर मामांनी सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. "खोटं मटण करायचं नाय," म्हणाले. "एकदा खोटं केलं, तेवढं पुरं."

मग मीही चिडले. "काय खोटं केलं? कधी केलं? तुम्ही कोणाला धड कारण सांगत नाही, आणि पोरीने जन्मभर वालबाई म्हणून घ्यायचं? तुमचा हट्ट मोठा की लेक मोठी?" मामी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा आता बाईंना. नायतर मी सांगते."

मामांनी सांगितलं. वाल पाखडता पाखडताच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मनीषा चार-पाच वर्षांची असताना त्यांच्याकडे एक म्हैस होती. दूध डेअरीला जायचं, त्यावर घर चालायचं. म्हैस व्यायली, आणि तिसऱ्या आठवड्यात पारडू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. दूध बंद, म्हणजे घर बंद. तेव्हा एका म्हाताऱ्या गवळ्याने युक्ती सांगितली. मामांनी पारडाचं कातडं काढून घेतलं, त्यात पेंढा भरला, पायांच्या जागी काठ्या लावल्या, आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटायची. चाटत राहायची आणि दूध सोडायची.

"मनीला वाटायचं पारडू झोपलंय," मामा म्हणाले. "रोज त्याला गवत न्यायची. एक दिवस मिठी मारली, तर पोटाची शिवण सुटली. पेंढा बाहेर आला. पोर ओरडली नाय, बाई. नुसती उभी राहिली. मंग माझ्याकडं आली आणि म्हनली, बाबा, तू तिला खोटं सांगितलंस. दोन दिवस जेवली नाय. तिसऱ्या दिवशी म्हनली, माझ्या डोक्यावर हात ठेव. कुनाच्या आईचं काय घ्यायचं नाय म्हन. मी ठेवला हात. म्हनलं."

"मग तिला हे आठवत नाही?"

"मोठी झाली, विसरली. पोरं विसरतात. खायला लागली, बरं वाटलं मला. तिनं कशाला अडकून राहायचं? पन हात तिच्या डोक्यावर ठेवलेला हाय. तिच्याच हळदीला मी तो मोडू?"

मी भांडण तिथेच सोडलं. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ज्याचं डोकं त्याला भोवतं, असं आमच्याकडे मानतात. मी विज्ञानाची बाई, माझा ह्यावर विश्वास नाही. पण माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मी तरी कधी खोटं बोलले आहे का? नाही. आणि बोलणारही नाही. जाताना मामांनी बजावलं, "मनीला सांगायचं नाय. जन्माचं ओझं होईल पोरीला." मी हो म्हटलं.

हळद मे महिन्यातली. मी सकाळीच गेले, आणि बघते तर मामा डोक्याला हात लावून बसलेले. घोटाळा झाला होता. वाल भिजवून गोणपाटात मोडाला बांधायचे, मोड आले की सोलायचे, हा त्यांचा जन्माचा हिशेब. पण घरच्या तिघांचे वाल आणि चारशे माणसांचे वाल ह्यात फरक असतो. ढीगभर वाल एकत्र बांधले, वरून उन्हाळ्याची धग, आतल्या आत गरम होऊन मोड एक दिवस आधीच लांब झाले. आता लगेच सोलून चुलीवर चढवले तर ठीक, नाहीतर दुपारपर्यंत चिकट होऊन वास मारणार. आणि सोलायला माणसं किती? मामा, मामी, मी, आणि शहापूरहून आलेली मामींची बहीण. मी म्हटलं, "न सोलताच शिजवू. सालासकट." मामा म्हणाले, "सालासकट वाल पावण्याला? त्यापेक्षा उपाशी धाडीन." म्हणजे बोकड नाही म्हणून गावाशी भांडण घेतलेला माणूस वालाच्या सालीवरही अडून बसला. मी कपाळावर हात मारला आणि सोलायला बसले.

अर्ध्या तासात शेजारची म्हातारी आली. तिच्या घरातली पोरं शेतावरच्या मटणात होती, तिला मामांच्या अंगणात फिरकू नको म्हणून सांगितलं होतं. दारात उभी राहिली, गोणपाटात हात घातला, मोड बघितले आणि म्हणाली, "नासतील ना गो हे." मामी म्हणाल्या, "मंग बस." म्हातारी बसली. "भांडण मानसाशी हाय, वालाशी नाय," म्हणाली आणि कोमट पाण्यात हात घातला. तिचं बघून तिची सून आली. मग पलीकडच्या दोघी. दहा वाजेपर्यंत अंगणात तीस-चाळीस बाया बसल्या होत्या, बोटांनी सालं उडत होती, आणि तोंडाने मामांची यथेच्छ निंदा चालली होती. मामा प्रत्येकीपुढे काळा चहा ठेवत होते. दुपारी चूल पेटली.

पण बाया सोलून घरी गेल्या. संध्याकाळ झाली. नवरीला हळद लागली, गाणी झाली, बँजो वाजला, आणि मांडवात पंगतीला कोणी बसेना. म्हातारे बाहेर ओट्यावर बसून राहिले, वाढायलाच पोरं नाहीत तर पान कोण घेणार? ओढ्यापलीकडून मसाल्याचा वास येत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. मामा भरलेल्या पातेल्यांपाशी एकटे उभे होते. पायात तीच स्लीपर.

मी आतल्या खोलीत गेले. मनीषा पाटावर बसली होती, कपाळापासून पायापर्यंत पिवळी, आणि डोळ्यांतून पाणी. मला म्हणाली, "बघितलंत बाई? रिकामी पंगत माझी. बाबांना सांगा, झालं समाधान?"

मी वचन मोडलं. मामा म्हणाले होते ते पोरीवरचं ओझं मी विचारात घेतलंच नाही, मला फक्त तो पातेल्यांपाशी उभा असलेला माणूस दिसत होता. सरळ सांगितलं. म्हैस, पेंढ्याचं पारडू, सुटलेली शिवण, डोक्यावरचा हात, सगळं. म्हटलं, "तुझ्या बापाचा हट्ट नाही हा. तुझा आहे. तो फक्त इतकी वर्षं सांभाळतोय."

मनीषाने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "कपाळावर पांढरा ठिपका व्हता त्याच्या." हे मी सांगितलं नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं.

ती उठली. हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही. ही ओलांडून मांडवात आली, बिरड्याची बादली उचलली, पळी घेतली, आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "बसा पंगतीला. मी वाढते." सगळ्या बाया धावल्या. "अगो, हळदीच्या अंगानं नवरी वाढते का? काय करतेस?" मनीषा म्हणाली, "वाढायला भाऊ नायत मला. मंग कोन वाढनार?" आणि एक पान मांडून त्यावर पळी उलटी केली. ज्या म्हाताऱ्यापुढे पान मांडलं तो काय करणार? खाली बसला.

ओढ्यापलीकडे कोणीतरी पळत गेलं. नवरी स्वतः वाढतेय, हे ऐकल्यावर पोरांना तिथे घास गिळता येईना. दुसऱ्या वाडीत कळलं असतं तर ह्यांना जन्मभर तोंड दाखवता आलं नसतं. पुतण्या सगळ्यांत पुढे धावत आला, बहिणीच्या हातातून बादली ओढून घेतली आणि म्हणाला, "दे इकडं. आत जा तू." बाकीच्यांनी भाकऱ्या घेतल्या, भात घेतला. पंगत बसली, दुसरी बसली, तिसरी बसली. शेवटच्या पंगतीला पोरंही बसली आणि बिरडं पुन्हा पुन्हा मागून घेतलं. नंतर त्यांनी शेतावर जाऊन ते मटणही संपवलं, हे मला माहीत आहे. ते त्यांचं त्यांनी खाल्लं.

मनीषा मात्र आत गेली नाही. चुलीपाशी मामा उभे होते तिथे गेली. मामा म्हणाले, "तू कशाला उठलीस गो? हळद लागलीय ना." तिने त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली मान घातली.

"बाबा, मी सोडवते तुला," ती म्हणाली. "मी लहान व्हते. मला काय कळत व्हतं? सुटलास आता. काय खायचं ते खा."

मामांनी हात काढून घेतला. सगळा तळवा पिवळा झाला होता. मग म्हणाले, "तू सोडवलंस, बरं केलंस. पन ती म्हस गेली ना, मने. ती कुठं सोडवायला येनार हाय?"

मनीषाला रडू फुटलं. मी तर आधीपासूनच रडत होते. मामांनी हात धोतराला न पुसता पातेल्यावरचं झाकण काढलं, दोन पानांवर भाकरी ठेवली, वर बिरडं वाढलं, आणि आम्हा दोघींना म्हणाले, "बसा. गरम हाय तवर जेवा."